चाळिसाव्या पानावरचे वाक्य

मित्रांनो, मला कोणी हौसेने वाचायला घेईल अशी माझी आता अपेक्षा उरलेली नाही. मी एका नियतकालिकाचा जुना अंक आहे. ‘पर्यावरण कायदा आणि धोरण’ असे आमच्या घराण्याचे भारदस्त नाव. माझ्यात चित्रे नाहीत, कोडी नाहीत, शेवटच्या पानावर विनोदही नाहीत. नदीत काय सोडू नये, चिमणीतून किती धूर निघालेला चालतो, झाड तोडायचे तर आधी कोणाला विचारावे, असल्या गोष्टींवरचे लांबलचक लेख माझ्यात आहेत. मोठी माणसेसुद्धा दोन पानांत जांभया देतात, तेव्हा तुम्हाला मी दोष देत नाही.

पण एक गोष्ट अभिमानाने सांगतो. मला एका लॉ कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी घडवले. लेख मागवणे, तपासणे, छापखान्यात खेपा घालणे, सगळे त्यांचेच. माझ्यासारखे एकाच दिवशी छापलेले भाऊ मला शेकड्याने आहेत. आम्ही निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या कपाटांत पडलो, तरी एकाच्या नशिबी काय आले ते दुसऱ्याला कळते. कसे, ते विचारू नका. जुळ्यांना कळते तसे कळते. म्हणून पुढे मी अशाही प्रसंगांबद्दल बोलेन, जिथे मी नव्हतो, पण माझा एखादा भाऊ होता.

आमचे कार्यालय म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयामागची एक खोली. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत. एक लांब टेबल, त्यावर चहाच्या कपांचे गोल डाग, आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त उभ्या केलेल्या स्कूटरी दिसत. या खोलीवर दोघांचे राज्य होते. एक मुख्य संपादिका. तिला सगळे पाठीमागे ‘कात्री’ म्हणत, कारण दहा शब्दांचे वाक्य तिच्या हातून सहा शब्दांचे होऊनच बाहेर पडे. दुसरा ‘टीपकागद’. हा तळटिपा तपासायचा, आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

तळटीप म्हणजे काय, ते तुम्हाला सांगितले पाहिजे. लेखात एखादी गोष्ट लिहिली की वाक्याच्या शेवटी छोटा आकडा टाकतात आणि पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, ती कुठून घेतली ते सांगतात. तुम्ही भांडताना म्हणता ना, “कशावरून?” त्याचे उत्तर म्हणजे तळटीप. आमच्याकडे नियम असा की, ज्या कागदावरून ती गोष्ट घेतली तो मूळ कागद टीपकागदाने स्वतःच्या हातात धरायचा, डोळ्यांनी वाचायचा, आणि मगच त्या आकड्याशेजारी लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. खूण नाही, तर वाक्य नाही.

या नियमाचा सगळ्यांना धाक होता. एकदा एका बड्या प्राध्यापकांचा लेख आला. टीपकागदाने तो तपासला आणि त्यांना अदबीने कळवले, “सर, आपण ज्या पानाचा दाखला दिला आहे, त्याच्या आधीच ते पुस्तक संपते.” खोलीत हसून हसून पुरेवाट झाली. प्राध्यापकांनी मुकाट्याने दुरुस्ती केली. मला अजूनही ती गोष्ट आठवली की बरे वाटते. खोट्याला आत शिरू द्यायचे नाही म्हणून जी पोरे डोळ्यांत तेल घालून बसत, त्यांच्या हातून मी झालो, असे मला वाटे. तेव्हा वाटे.

आता धाकटीची गोष्ट ऐका. ही दुसऱ्या वर्षाची मुलगी. तोवर एवढ्या लहान वर्गातल्या कोणाचा लेख आम्ही छापला नव्हता, म्हणून खोलीतल्यांनी तिचे नाव धाकटी पाडले. लहानपणापासून ती मावशीकडे वाढली होती. मावशी शहराच्या कडेच्या एका वस्तीत राहायची. दारातच शिलाई मशीन, आणि काम कपड्यांच्या दुरुस्तीचे. पँटची चेन बदलणे, बाह्या आखूड करणे, पडदे शिवणे. वस्तीच्या मागे कचरा डेपो होता. तिथे कचरा पेटला की धूर थेट मावशीच्या घरात यायचा, आणि गिऱ्हाईक शिवलेला कपडा नाकाशी धरून म्हणायचे, “अहो, हा जळल्यासारखा वास कसला?” मावशीची छाती रात्रंदिवस वाजायची ते वेगळेच.

त्या डेपोला आता मोठे करायचे ठरले होते. वाढीव हद्द मावशीच्या गल्लीवरून जाणार होती. म्हणजे घर जाणार. कायदा असा होता की, डेपो वाढवण्याआधी आजूबाजूच्या लोकांना कळवायचे. त्यांची रोज ये-जा असते अशा जागी सूचना लावायची, त्यांच्या हरकती ऐकायच्या, आणि मगच परवानगी द्यायची. इथे परवानगी देऊन झाली होती, आणि वस्तीत कोणाला पत्ताच नव्हता.

पत्ता लागला तो मावशीला, तोही योगायोगाने. डेपोच्या गाड्यांनी गल्लीतले गटार फोडले म्हणून ती तक्रार करायला डेपोच्या कचेरीत, पहिल्या मजल्यावर गेली होती. वाऱ्याने दार धाडकन लागले आणि दारामागच्या फलकावर तिला सूचना दिसली. तिने घरी येऊन भाचीला फोन लावला.

“अगं, नोटीस लावली होती म्हणे त्यांनी! कुठे, तर दाराच्या मागे. दार उघडं असलं की ती झाकली जाते, आणि दार दिवसभर उघडंच. कोणी वाचायची ती? झुरळांनी?”

“मावशी, तू नक्की पाहिलीस?”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला? उभी राहून अक्षर अन् अक्षर वाचली मी. हरकतीची तारीखसुद्धा उलटून गेलीये.”

धाकटी त्या वेळी नेमका याच कायद्यावर लेख लिहीत होती. सूचना कुठे लावावी, कशी लावावी, आणि नाही लावली तर परवानगी कशी रद्द होऊ शकते, हाच तिचा विषय. वस्तीतली माणसे न्यायाधिकरणात जाणार होती, आणि त्यांच्या वकिलाने सांगितले होते की, सूचना भलत्या जागी होती हे कुठे छापून आलेले असेल तर त्याचा आधार घेता येईल. मावशी म्हणाली, “शेजारच्याच्या फोनमध्ये फोटो निघतो. त्याला पाठवू का?” मावशीच्या स्वतःच्या फोनला फक्त बटणे होती.

तेव्हा धाकटीने जे उत्तर दिले, ते शिकलेले माणूसच देऊ शकते. ती म्हणाली, “नको मावशी. तुम्ही तिथे गडबड केलीत तर ते नोटीस हलवतील. आमचं जर्नल हे रीतसर करेल. आमच्यात अर्ज करून कागद मागवतात, फोटोबिटोला कोणी विचारत नाही.”

“बरं बाई, तुला जास्त कळतं. माझं नाव येणार का गं छापून?”

“येईल की. तळटिपेत.”

मावशीने ही बातमी गल्लीभर केली.

लेख खोलीत आला. कात्रीला तो मनापासून आवडला. तिने पहिल्याच वाचनात त्यातली दोन पाने कमी केली, आणि ती आवडल्याची खूण होती. मग टीपकागद पेन्सिल घेऊन बसला. पुढे जे माझे चाळिसावे पान झाले, तिथे येऊन तो थांबला. तिथे लिहिले होते की, विस्ताराची सूचना कचेरीच्या पहिल्या मजल्यावर, दारामागे लावली होती.

“याला आधार काय?” त्याने विचारले.

“माझ्या मावशीने पाहिलंय.”

“मावशी कुठे प्रकाशित झालीये?”

तो टोमणा नव्हता. त्याला खरेच तसे विचारायची सवय होती. पण टेबलाभोवतीची मुले खो खो हसली, आणि धाकटीही त्यांच्यासोबत थोडी हसली. मग ती म्हणाली, “दादा, आपण जाऊन बघू या ना. इथून सरळ बस आहे. नोटीस अजून तिथेच आहे.”

टीपकागदाने कात्रीकडे पाहिले. मला वाटते, तो गेला असता. पण कात्री म्हणाली, “आपण काय वार्ताहर आहोत का? उद्या कोणी म्हणेल, संपादकच साक्षीदार झाले. अशानं जर्नलची किंमत राहत नाही. तू अर्ज कर, कचेरीकडून कागद मागव. कागद आला की तो लाव.”

“ताई, पण ती कचेरीच तर—”

“कागदात असेल ते खरं. आपल्याला काय, वाक्याखाली आधार हवा.”

मित्रांनो, मी तेव्हा पुरता जन्मलोही नव्हतो. टेबलावरच्या सुट्या पानांच्या गठ्ठ्याला अंक म्हणत नाहीत. तरी मला ओरडून सांगावेसे वाटत होते की, अरे, नदीवर लिहिता, हवेवर लिहिता, झाडांवर लिहिता, मग एकदा तरी उठून बाहेर जा की! भिंत हाही आधारच असतो. त्या भिंतीवर तो कागद टाचणीने लावलेला होता, आणि ती एका बसच्या अंतरावर होती. पण गठ्ठ्याचे कोण ऐकते.

अर्ज गेला. उत्तर लवकर येईना. मग परीक्षा आल्या, आणि खोलीला कुलूप लागले. धाकटी मधूनमधून फोन करून मावशीला सांगायची, “येईल आता.” मावशी म्हणायची, “येऊ दे सावकाश, नोटीस काही पळून जात नाही.” पण तेवढ्यात डेपोच्या कचेरीत रंगकाम निघाले. रंगाऱ्याने फलक काढला, भिंत घासली आणि दारासकट सगळे पांढरेशुभ्र केले. यात कोणाचा डाव होता की नव्हता, मला माहीत नाही. भिंत मळली होती हे खरे.

आणि मग कागद आला. जाड, शिक्क्याचा, सहीचा. त्यात एकच ओळ कामाची होती. सूचना रहिवाशांच्या सहज नजरेस पडेल अशा ठिकाणी लावण्यात आली होती, असे कचेरीने प्रमाणित केले होते.

धाकटीने तो वाचला आणि त्याच दिवशी बस पकडली. दारामागे हात फिरवला, तर बोटांना रंग लागला. कारकून भला माणूस होता. “काही हरवलंय का ताई?” म्हणून त्याने विचारले. ती नाही म्हणाली आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला मार्गदर्शक सर आले होते. ते वर्षातून दोनदा येत, अंक छापायला जाण्याआधी आणि अंकाचे प्रकाशन असताना. धाकटीने सांगून पाहिले. आवाज कापत होता, म्हणून ती एकेक शब्द सावकाश बोलत होती. “सर, हा कागद खोटा आहे. मावशीने पाहिलंय. वाक्य माझं ठेवा, नाहीतर काढून टाका.”

“काढलं तर लेख लंगडा पडेल,” कात्री म्हणाली. “सगळा युक्तिवाद त्या डेपोच्या उदाहरणावर उभा आहे. तिथे सूचनेबद्दल काहीतरी लिहावंच लागेल.”

सरांनी चष्मा वर करून शिक्का पाहिला. “कागद आहे ना? मग त्यात आहे तेच लिहा. कोणी बोट ठेवणार नाही.”

धाकटी म्हणाली, मग लेखच नको. कात्री वाईट नव्हती, हे तुम्ही लक्षात ठेवा. ती धाकटीला बाहेर, स्कूटरींच्या रांगेजवळ घेऊन गेली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “एका वाक्यासाठी सगळं घालवू नकोस. बाकीचा लेख तर तुझाच आहे. कायदा कडक व्हायला हवा, असंच तू म्हणतेस ना? तो वाचून उद्या शंभर वस्त्यांचं भलं होईल.” धाकटीचे वय ते किती. छापलेले स्वतःचे नाव तिने कधी पाहिले नव्हते. तिने होकाराची मान हलवली.

टीपकागदाने शिक्क्याचा कागद हातात धरला, डोळ्यांनी वाचला, आणि लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली. नियमाप्रमाणे सगळे चोख झाले. माझ्या चाळिसाव्या पानावर वाक्य आले, ‘विस्ताराची सूचना रहिवाशांच्या सहज नजरेस पडेल अशा ठिकाणी लावण्यात आली होती.’ खाली तळटीप, आणि तळटिपेत कचेरीचा क्रमांक. मावशी कुठेही नव्हती.

त्यानंतर माझे कौतुकाचे दिवस आले, आणि खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. छापखान्यात यंत्रावरून गरम गरम उतरलो. हिरवे मुखपृष्ठ, वळणदार अक्षरे, शाईचा वास. प्रकाशनाला पाहुणे आले. एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले की, विद्यार्थ्यांचे इतके काटेकोर काम आपण पाहिले नाही. विद्यार्थी नियतकालिकांच्या स्पर्धेत मला पहिले बक्षीस मिळाले, आणि परीक्षकांनी ‘तळटिपांची निर्दोष तपासणी’ असे वेगळे लिहून दिले. कात्रीने माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. धाकटी त्या समारंभाला आली नाही. पोट दुखते, असे तिने कळवले.

माझा एक भाऊ मावशीकडे गेला. तिने हात धुऊन, पदराला पुसून त्याला घेतले. तिचे वाचन सावकाशीचे. भाचीचे नाव तिने दोनदा मोठ्याने वाचले. मग तळटिपांवरून बोट फिरवत राहिली. पान उलटायची, परत मागे यायची.

“मी कुठाय गं?”

“मावशी, ते राहिलं.”

“राहू दे, राहू दे. जागा पुरली नसेल.” आणि तिने माझ्या भावाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या वरच्या फळीवर ठेवले. आल्यागेल्याला काढून दाखवायची. तिने चाळिसावे पान नीट वाचले होते की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

न्यायाधिकरणात सुनावणी लागली. मोठी खोली, उंच खुर्च्या, मागे लाकडी बाके. वस्तीतली माणसे कामाचा खाडा करून आली होती. मावशी मागच्या बाकावर, रुमाल तोंडाशी धरून. धाकटी तिच्या शेजारी. वस्तीच्या वकिलाने सांगितले की, सूचना लोकांना दिसेल अशी लावलीच नव्हती. मग डेपोचे वकील उठले, आणि त्यांनी फायलीतून माझा एक भाऊ बाहेर काढला. त्याच्या चाळिसाव्या पानाला पिवळी चिठ्ठी लावलेली होती.

त्यांनी ते वाक्य वाचले. घाई न करता, स्वच्छ आवाजात. मग म्हणाले, “महोदय, हे काही आमच्या कचेरीचे पत्रक नाही. हे पर्यावरणाच्याच बाजूचे नियतकालिक आहे. काटेकोरपणाबद्दल त्याला बक्षीस मिळालेले आहे. आणि लेखिका याच वस्तीत लहानाची मोठी झालेली आहे.”

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या सगळ्या भावांची पाने एकदम गार पडली असतील. आम्हाला हात नाहीत. पान फाडून घेता येत नाही.

मावशी उभी राहिली. “साहेब, मी पाहिलीये ती नोटीस. दाराच्या मागे होती.”

“बाई, तुमच्याकडे काही कागद आहे का?”

“कागद कशाला? मी पाहिलंय ना.”

“बसा. तुमच्या वकिलांना बोलू द्या.”

वस्तीच्या वकिलाकडे दाखवायला कागद नव्हता. परवानगी कायम झाली. पायऱ्या उतरताना मावशीला धाप लागली, म्हणून ती मध्येच बसली. धाकटी तिच्या पायाशी खालच्या पायरीवर बसली. मग मावशी म्हणाली, “त्यांनी लिहिलं असतं तर काही वाटलं नसतं. त्यांचं कामच ते. तुझं नाव होतं गं वर.” एवढेच. ती ना रागावली, ना रडली. धाकटीने तिचा हात धरायला हात पुढे केला, तेव्हा मावशीने तो धरू दिला, पण बोटे मिटली नाहीत.

गल्ली पाडली. मावशी आपल्या थोरल्या भावाच्या घरी राहायला गेली. तिथे मशीन ठेवायला एकच जागा होती, जिन्याखाली, बिनखिडकीची. अंधारात सुई ओवता येईना, तेव्हा तिने मशीन विकून टाकली. फळीवरच्या माझ्या भावाचे काय झाले? तिने त्याला फेकले नाही. बोचक्यात बांधून बरोबर नेले, पण पुन्हा कोणाला दाखवले नाही.

धाकटी आमच्या खोलीत गेली. आमच्यात अशी रीत आहे की, छापण्यात चूक झाली तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र देतात. कात्री आणि टीपकागद तोवर कॉलेजातून बाहेर पडले होते. नव्या संपादकाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. “वाईट झालं गं,” तो म्हणाला. “पण शुद्धिपत्रालाही आधार लागतो. तुझ्याकडे एखादा कागद आहे का?”

ती खोलीतून बाहेर पडली.

मग तिने स्वतःच एक चिठ्ठी छापून घेतली. बोटभर रुंदीची, चार ओळींची. झेरॉक्सच्या दुकानात तिचे पुष्कळ तुकडे कापून घेतले. डिंकाची बाटली पिशवीत टाकली आणि जिथे जिथे माझे भाऊ गेले होते, तिथे तिथे ती जाऊ लागली. सुट्टीच्या दिवशी, कधी बसने, कधी रेल्वेने. टीपकागदाला हे कळले तेव्हा तोही येऊन मिळाला. तो आता एका वकिलाच्या हाताखाली काम करत होता. माफी वगैरे त्याने मागितली नाही, त्याला तसले बोलता येत नाही. तो पट्टी धरून चिठ्ठी सरळ चिकटवायचा. वरातीमागून घोडे, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण त्या दोघांनी माझ्या कितीतरी भावांच्या पोटातले खोटे झाकले.

आता माझे स्वतःचे सांगतो. मी एका लहान गावच्या ग्रंथालयात आलो. पहिली दोन वर्षे कपाटात होतो. मला एकदाच कोणीतरी बाहेर काढले, तेही चुकून. पुढे ग्रंथपालांना संगणक मिळाला. त्याचा पडदा त्यांच्या डोळ्यांना खाली पडू लागला, मान दुखू लागली. त्यांनी कपाटातला सर्वांत जाड आणि सर्वांत निरुपयोगी ग्रंथ शोधला आणि पडद्याखाली सरकवला. तो मी. तेव्हापासून माझ्या छातीवर हा पडदा आहे. माझे हिरवे मुखपृष्ठ वरून तापते, खालून दमट होते, आणि ग्रंथपाल जेवल्यावर बोटे माझ्या कडेला पुसतात.

एके दिवशी दुपारी ती दोघे आली. मी आवाजावरून ओळखले. धाकटीचा आवाज आता कापत नव्हता. तिने अंकाचे नाव सांगितले. ग्रंथपालांनी पडद्यावर पाहिले. “नोंद आहे,” ते म्हणाले. मग ते कपाटाकडे गेले, शिडीवर चढले, खाली वाकले, धुळीने शिंकले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते मी त्या दिवशी माझ्याच डोळ्यांनी पाहिले. धाकटी माझ्यापासून हातभर अंतरावर, टेबलाला टेकून उभी होती. तिच्या पिशवीतल्या डिंकाचा वास मला येत होता.

“सापडत नाही हो. गहाळ दाखवू का?”

“नको,” ती म्हणाली. “असेल इथेच कुठेतरी. सापडला तर एवढं चिकटवाल का? चाळिसाव्या पानावर.” आणि तिने एक चिठ्ठी त्यांच्या हाती दिली. ग्रंथपालांनी ती मोठ्याने वाचली, मान हलवली आणि टेबलाच्या खणात ठेवली. ती दोघे बस गाठायला गेली. खण माझ्या बरोबर खाली आहे. त्यानंतर त्यात पिना, रबरी शिक्का, पेनांची टोपणे आणि गोळ्यांची पाकिटे आली, आणि चिठ्ठी तळाला गेली.

मला दुर्लक्षाचे दुःख नाही, मित्रांनो. जुन्या अंकाने ते करू नये. मला भीती वाटते ती वेगळीच. कधी तरी हा पडदा बदलेल, मी मोकळा होईन, आणि तुमच्यासारखा एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी मला उघडेल. चाळिसावे पान वाचेल. खाली तळटीप आहे, क्रमांक आहे, सगळे चोख आहे, असे पाहून त्यावर विश्वास ठेवेल, आणि आपल्या वहीत उतरवून घेईल. मी तोंड उघडू शकणार नाही.

म्हणून आज बोलून घेतो. पुस्तके नीट हाताळा, पाने दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण तेवढ्याने माझे भागत नाही. कोणी म्हणाले “मी पाहिलंय”, तर त्याला कागद मागण्याआधी उठा आणि त्याच्याबरोबर जाऊन बघा. भिंत रंगवायच्या आत बघा. आणि कधी या ग्रंथालयात आलात, तर पडदा दोन्ही हातांनी उचलून मला बाहेर काढा. खण उपसा, तळाशी चिठ्ठी असेल. ती नाहीच मिळाली, तर पेन्सिल घ्या आणि चाळिसाव्या पानाच्या कडेला तुमच्या हाताने लिहा. तिच्यावरचा मजकूर मला पाठ आहे :

‘वरील वाक्य खरे नाही. सूचना दाराच्या मागे होती. आधार : माझी मावशी. तिने पाहिली होती.’